अठरा वर्षे पूर्ण झाली, म्हणजे पोटगी संपली काय?

आमचे काम पगारबिलाचे. महिन्याच्या वीस तारखेनंतर आमच्या टेबलावर रजेचे दाखले, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते, विम्याच्या कपाती यांचा ढीग पडलेला असतो. या कपातींमध्ये काही कपाती कोर्टाच्या असतात. अमुक कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा इतके रुपये कापून त्याच्या पत्नीच्या किंवा मुलांच्या खात्यावर पाठवावेत, असा आदेश येतो आणि आम्ही तो बिलाला लावतो. कारकुनाला यात मत नसते. कागद आला की कपात सुरू, कागद आला की कपात बंद.

सन २०२२ च्या जून महिन्यात असाच एक कागद आला. आमच्याच कार्यालयातील, आणि सांगायला संकोच वाटतो, आमच्याच समाजातील एका गृहस्थाचा तो अर्ज होता. ‘माझी मुलगी या महिन्यात १८ वर्षांची झाली आहे. मे. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे ती सज्ञान होईपर्यंतच पोटगी देय होती. सबब कपात बंद करावी.’ सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत. आम्ही मूळ आदेश काढून पाहिला. ‘सज्ञान होईपर्यंत’ हे शब्द त्यात होते. साहेबांची सही झाली आणि दरमहा ३,००० रुपयांची कपात जुलैच्या बिलापासून बंद झाली.

ऑगस्टमध्ये त्या मुलीची आई कार्यालयात आली. हातात बँकेचे पासबुक. “भाऊ, या महिन्याचे पैसे जमा झाले नाहीत हो. बारावीचा निकाल लागलाय. नर्सिंगला नाव घालायचंय. फीचा पहिला हप्ता भरायचाय.” आम्ही त्यांना आदेशाची प्रत दाखविली आणि सांगितले, “ताई, मुलगी सज्ञान झाली. कायद्याने आता संपले.” त्या काही बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत ठेवून निघून गेल्या. त्या वर्षी मुलीचा प्रवेश झाला नाही. ती एका कपड्याच्या दुकानात कामाला लागली.

आम्ही जे सांगितले ते खोटे नव्हते, पण अर्धवट होते. ‘तो आदेश संपला’ एवढे म्हणण्याऐवजी आम्ही ‘कायद्याने संपले’ असे म्हणालो. या दोन वाक्यांत एका मुलीचे वर्ष गेले. म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही ठरविले. आमच्यासारखे अर्धवट सांगणारे प्रत्येक वस्तीत, प्रत्येक कार्यालयात आहेत.

एक कायदा नाही, दोन आहेत

मुलांच्या पोटगीसाठी आपल्याकडे प्रामुख्याने दोन दारे आहेत. दोन्ही दारांवरची पाटी वेगळी आहे.

पहिले दार सर्वांच्या ओळखीचे. पूर्वी त्याला ‘एकशे पंचवीस’ म्हणत. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम १२५. दि. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता १४४ झाले. आकडा बदलला, आशय तोच राहिला. जुने आदेशही त्यामुळे रद्द झालेले नाहीत. हे दार सर्व धर्मांच्या लोकांना उघडे आहे. आईबापांचे लग्न नोंदलेले असो वा नसो, किंबहुना कायदेशीर झालेले असो वा नसो, मुलाला येथे पोटगी मागता येते. परंतु या दाराची मर्यादा १८ वर्षांची आहे. १८ पूर्ण झाली की मुलगा असो वा मुलगी, या कलमाखालचा हक्क थांबतो. अपवाद एकच : शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा दुखापतीमुळे जे मूल स्वतःचे पोट भरू शकत नाही, त्याचा हक्क १८ नंतरही चालू राहतो. मात्र लग्न झालेल्या मुलीला हा अपवाद लागू नाही.

दुसरे दार आहे ‘हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६’ याचे. त्याच्या कलम २० मध्ये अज्ञान मुलामुलींचे पालनपोषण ही आईबापांची जबाबदारी सांगितली आहे. पण तेथेच पुढे असे आहे की, अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर निर्वाह करू शकत नसेल, तर तिच्याबाबत ही जबाबदारी चालूच राहते. तेथे १८ हा आकडा नाही. लग्न झाले, किंवा मुलगी आपल्या पायावर उभी राहिली, तरच ती जबाबदारी संपते. आणि ‘निर्वाह’ म्हणजे नुसते दोन वेळचे जेवण नव्हे. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार, इतके सर्व या शब्दात येते असे कायद्यातच लिहिले आहे. अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही त्यात धरला आहे.

मुलगी १८ ची झाली म्हणजे पहिले दार बंद होते. दुसरे उघडेच असते. आम्ही त्या ताईंना पहिल्या दाराचे कुलूप दाखविले, दुसरे दार दाखविले नाही.

दार चुकले की काय होते

हरियाणातील रेवाडी येथील एका मुलीचे प्रकरण यासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिच्या आईने सन २००२ मध्ये स्वतःसाठी आणि मुलांसाठी कलम १२५ खाली अर्ज केला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी मुलीला पोटगी दिली, ती सज्ञान होईपर्यंतच. मुलगी पुढे वरच्या कोर्टात गेली, तेथून उच्च न्यायालयात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. दि. १५ सप्टेंबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. कलम १२५ खाली सज्ञान मुलीला, ती व्यंग वा दुखापतीमुळे असमर्थ नसेल तर, पोटगी मिळणार नाही. परंतु १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली अविवाहित मुलीचा हक्क आहे आणि त्यासाठी तिने वेगळी मागणी करावी. तशी मोकळीक न्यायालयाने तिला दिली.

बघा, जवळजवळ १८ वर्षे ती मुलगी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली आणि शेवटी उत्तर मिळाले की, हक्क आहे, पण दार ते नव्हे! त्याच निकालात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. न्यायदंडाधिकारी फक्त पहिल्या कायद्याखाली आदेश देऊ शकतात. कौटुंबिक न्यायालयाकडे मात्र दोन्ही कायद्यांचे अधिकार असतात, आणि योग्य प्रकरणात ते दोन्हींचा एकत्र विचार करू शकते. ज्या शहरात कौटुंबिक न्यायालय आहे तेथे तिकडे जावे. जेथे नाही तेथे १९५६ च्या कायद्याखालचा दावा दिवाणी न्यायालयात करावा लागतो.

‘आम्ही बौद्ध, आम्हाला हिंदू कायदा कसा?’

हा प्रश्न हमखास विचारला जातो. काही बाप तर तो ढालीसारखा पुढे करतात. पोटगीची नोटीस आली की यांना एकाएकी आपला धम्म आठवतो!

या कायद्याच्या कलम २ मध्ये तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. कायद्याच्या नावातील शब्द आपल्याला रुचो वा न रुचो, त्यातील कर्तव्यातून कोणाला सुटका नाही. आणि हा कायदा आपल्याला परका तरी कसा म्हणावा? बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून जे हिंदू कोड बिल संसदेपुढे नेले, त्यात विवाह, वारसा, दत्तक यांबरोबर निर्वाहाचाही भाग होता. ते बिल अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यांतील हा निर्वाहाचा कायदा दि. २१ डिसेंबर १९५६ चा आहे. म्हणजे महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १५ दिवसांनी तो आला. तो बाबासाहेबांना पाहता आला नाही. त्यांच्या नावाने जयघोष करणाऱ्या बापाने त्याच कायद्यातून पळवाट शोधावी, याला काय म्हणावे?

विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन लग्न लागले पण नोंदणी झाली नाही, अशी जोडपी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांनीही घाबरू नये. विवाहसंबंधातील असो वा विवाहबाह्य, प्रत्येक मुलाची जबाबदारी या कलमाने आईबापांवर टाकली आहे. बाप कोण हे सिद्ध करावे लागते, लग्नाचा दाखला नसल्याने मुलाचा हक्क बुडत नाही.

मुलाचे काय?

येथे आम्ही वाचकांना खोटी आशा लावणार नाही. सज्ञान मुलग्यासाठी कायदा तोकडा आहे. १९५६ च्या कायद्यात मुलग्याची जबाबदारी १८ व्या वर्षी संपते. हा कायदा झाला तेव्हा १८ वर्षांचा मुलगा गिरणीत, गोदीत, रेल्वेत चिकटत असे. आज १८ व्या वर्षी जेमतेम बारावी होते. आयटीआय, डिप्लोमा, पदवी हे सारे त्यानंतरचे. म्हणजे खर्च जेव्हा सर्वांत मोठा, नेमका तेव्हाच बापाचा हात कायद्याने सुटतो आणि सर्व भार आईच्या डोक्यावर येतो.

न्यायालयांच्याही हे ध्यानात येऊ लागले आहे. सन २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका सरकारी नोकर पित्याला मुलाची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत खर्च देण्यास सांगितले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने दुसरा मार्ग धरला. मुलगा सज्ञान झाला तरी त्याच्या शिक्षणाचा भार आईच वाहते हे लक्षात घेऊन, मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत आईला अंतरिम रक्कम मंजूर केली. हे निकाल त्या त्या प्रकरणातील आहेत, प्रत्येक मुलग्याला आपोआप लागू होणारा तो नियम नव्हे. पण वकिलाला ते सांगता येतात. ज्या आईला स्वतःची पोटगी चालू आहे, तिने मुलाच्या शिक्षणाचा भार दाखवून ती वाढवून मागण्याचा विचार जरूर करावा.

मुलग्यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय मात्र वेगळा आहे. तो म्हणजे आधीच लिहून घेणे. घटस्फोट समजुतीने होतो तेव्हा दोन्ही पक्ष अटी लिहून कोर्टात देतात. तेथे ‘सज्ञान होईपर्यंत’ या दोन शब्दांऐवजी ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ असे लिहून घ्यावे. कोणते शिक्षण, किती वर्षे, फी कोण भरणार, वसतिगृहाचा खर्च कोणाचा, हेही लिहावे. कायदा जेथे १८ वर थांबतो तेथे बापाने स्वतःच्या सहीने दिलेले आणि कोर्टाने मान्य केलेले वचन पुढे चालते. आमच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक आदेशांत ते दोनच शब्द असतात. ते लिहिले जातात त्या दिवशी मूल चार-पाच वर्षांचे असते. कॉलेजचा विचार कोणाच्या मनातही नसतो.

आणखी एक. ‘एकरकमी घ्या आणि सगळे सोडा’ असा प्रस्ताव आला तर आईने स्वतःपुरता विचार करावा. आईने आपला हक्क सोडला म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही. तो तिचा नाहीच, मुलाचा आहे.

वय भरण्याआधी आणि नंतर

मूल १६ वर्षांचे झाले की आईने जुना आदेश पेटीतून बाहेर काढावा आणि पुढील गोष्टी कराव्यात :

१. आदेशात मुदत कोणत्या शब्दांत आहे ते वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावे.

२. अकरावी-बारावीचा, क्लासचा खर्च वाढला असेल तर परिस्थिती बदलल्याच्या कारणावरून रक्कम वाढवून मागता येते. १८ पूर्ण होण्याआधीच मागावी.

३. थकबाकी राहू देऊ नये. पहिल्या कायद्याखाली थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वर्ष उलटले की वॉरंट निघत नाही. पण मूल सज्ञान झाले म्हणून त्याआधीची थकबाकी माफ होत नाही. थकविणाऱ्याला दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

४. मुलगी १८ ची झाली की पुढील दावा तिच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने करावा लागतो. आईने केलेला चालेल असे समजून बसू नये.

५. कागद जमवून ठेवावेत : जुन्या आदेशाची सहीशिक्क्याची प्रत, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, प्रवेशाचे पत्र, फीच्या पावत्या, पासबुक, रेशन कार्ड, आणि बापाच्या नोकरीचा ठावठिकाणा. सन २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपापल्या उत्पन्नाचे व मालमत्तेचे शपथपत्र देणे आवश्यक केले आहे. त्यामुळे बापाला पगार लपविणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असे आहे. म्हणून अर्ज जितका उशिरा, तितके नुकसान आपले.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? सन १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे साधा अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

बापाचीही बाजू आहे

आमच्या टेबलावर बापांचेही पगार असतात, म्हणून त्यांची ओढाताण आम्हाला माहीत आहे. कोणाचे दुसरे कुटुंब असते, कोणाच्या आईवडिलांचे औषधपाणी असते, कोणाचा निम्मा पगार कर्जात जातो. कायदा हे पाहतो. रक्कम ठरविताना बापाची ऐपत, त्याच्यावरील इतर माणसांचा भार आणि मुलाची गरज, तिन्ही पाहिल्या जातात. आई कमावती असेल तर तिचीही जबाबदारी आहे, कलम २० तिलाही सोडत नाही. परवडत नसेल तर बापाने कोर्टात जाऊन रक्कम कमी करून मागावी. तो त्याचा हक्क आहे. पण अठराव्या वाढदिवसाची वाट पाहत बसणे हा बापाचा हक्क नव्हे.

आणि बापांनी एक ध्यानात ठेवावे. ज्या कलम २० मध्ये मुलांचा निर्वाह सांगितला आहे, त्याच कलमात वृद्ध व अपंग आईबापांचा निर्वाह मुलांवर टाकला आहे. कलम एकच. आज जो त्यातून आपले अंग काढून घेतो, त्याला उद्या तेच कलम हातात घेऊन मुलांच्या दारात उभे राहावे लागेल. तेव्हा कोणत्या तोंडाने उभे राहणार?

पुढे काय झाले

सन २०२३ च्या सुरुवातीला आमच्या भागात कायदेविषयक शिबिर झाले. तेथे एका वकील भगिनीने कलम २० समजावून सांगितले आणि आमच्या डोळ्यांपुढे ती पासबुकाची पिशवी आली. आम्ही त्याच रविवारी त्या ताईंचे घर शोधत गेलो. “ताई, त्या दिवशी आम्ही चुकीचे सांगितले,” असे म्हटले. त्या म्हणाल्या, “तुम्ही निदान सांगायला तरी आलात भाऊ.” मुलगी दुकानातून आली, हातपाय धुतले आणि कागद वाचायला बसली. तिने पहिला प्रश्न केला, “यात सही मीच करायची ना?”

मोफत वकील मिळाला. दावा मुलीच्या नावाने दाखल झाला. बचत गटाचे कर्ज काढून ताईंनी त्याच वर्षी तिचा नर्सिंगला प्रवेश घेतला. सन २०२४ मध्ये कोर्टातच दोन्ही पक्षांना समोरासमोर बसविण्यात आले. बापाने अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत दरमहा ४,००० रुपये आणि निम्मी फी देण्याचे कबूल केले. या वेळी कागदावर ‘सज्ञान होईपर्यंत’ हे शब्द नव्हते. ‘अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत’ असे होते.

तो आदेश आमच्याच टेबलावर आला. पुढच्या महिन्याच्या बिलाला आम्ही तो स्वतःच्या हाताने लावला. मुलीचे गेलेले वर्ष मात्र कोणत्याच कपातीतून भरून येणारे नाही.

वाचक बंधूभगिनींनो, आपल्या शेजारी अशी एखादी ताई असेल. तिचे मूल दहावी-बारावीत असेल आणि तिच्या पेटीत कोर्टाचा जुना कागद असेल. या रविवारी विहारातून परतताना तिच्याकडे जा. तिला तो कागद काढायला सांगा आणि त्यातील मुदतीची ओळ वाचून दाखवा.

जयभीम!